'ह'च्या गावांचा पगार
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचं आमंत्रण देताना संयोजकांनी मला दोन अटी घातल्या. एक, कॉम्प्युटरवर बोलायचं. दोन, कुणाला झोप येता कामा नये. दोन्ही एकदम पाळणं अवघड आहे, पण बघू. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक मी पुण्यात बसून केली आणि तिचा त्रास इथं हिर्डोशीत झाला, म्हणून ती सांगायची जागाही हीच.

गोष्ट २०१३ च्या डिसेंबरातली. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. आमचं सॉफ्टवेअर दूध गोळा करणारी एक संस्था वापरत होती. संस्थेचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध येतं, लिटर, फॅट, एसएनएफ मोजलं जातं, ते सगळं डेटाबेसमध्ये जमा होतं आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पगार काढायच्या दिवशी आमचा प्रोग्राम डेटाबेसमधून दहा दिवसांच्या सगळ्या नोंदी बाहेर काढून त्यांची एक मोठी फाइल करायचा. यालाच एक्स्पोर्ट म्हणतात. ती फाइल दुसरा प्रोग्राम वाचायचा, प्रत्येक उत्पादकाची बेरीज करायचा आणि बँकेला यादी पाठवायचा.

बारा डिसेंबरला हिर्डोशीहून आत्याचा फोन आला. "अगं, दुधाचा पगार आला न्हाई." मी म्हटलं, बँकेत विचार. "विचारलं. बँकवाला म्हणतो, वरनंच आला न्हाई. आन माझाच न्हाई, गावात कुणाचाच न्हाई."

आत्याची दोन खाचरं निरा देवघरच्या पाण्यात गेली, तेव्हापासून घर म्हशींवर चालतं. दहा दिवसांचा पगार चुकला की पेंडवाल्याकडे उधारी चढते, हे तिनं सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. मी संस्थेच्या ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, बँकेचा घोळ असेल. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, एक्स्पोर्ट पुन्हा चालवला, राहिलेल्या गावांचे पैसे चार दिवसांनी गेले. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

एकवीस तारखेचा पगार व्यवस्थित झाला. एक जानेवारीचा पुन्हा चुकला. आणि पुन्हा हिर्डोशीचाच.

आता गावात काय झालं असेल याची कल्पना करा. एकदा चुकलं तर लोक बँकेला नावं ठेवतात. दुसऱ्यांदा चुकलं, तेही त्याच गावाचं, म्हटल्यावर लोक जवळचा माणूस शोधतात. जवळचा माणूस म्हणजे केंद्रावर दूध मोजून घेणारा मुलगा. तो आपल्याच शाळेचा, आपल्या मागच्या बॅचचा. दोन जानेवारीला सकाळी दूध घालायला आलेल्या लोकांनी त्याला घेरलं. आमच्या नोंदी तू वर पाठवल्याच नाहीस, मधल्यामधे पैसे फिरवलेस, इथपर्यंत बोलणं गेलं. त्यानं नोंदींची वही दाखवली. वही कोण बघतो अशा वेळी? एका घरात तर वेगळीच तऱ्हा. नवऱ्यानं बँकेतून पैसे काढून उडवले असं बायकोला वाटलं आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. हे मला आत्यानं हसत सांगितलं, पण केंद्रावरच्या मुलाचं सांगताना ती हसली नव्हती.

तेव्हा मात्र मी रजा टाकून संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसले.

पहिलं काम केलं ते तक्रारींची यादी मागवण्याचं. यादी लांब होती, पण तिच्यात एक ओळ बाकीच्यांसारखी नव्हती. सगळ्यांची तक्रार होती "पगार आला नाही". एका उत्पादकाची तक्रार होती, "सहाच दिवसांचा आला". त्या एका माणसानं मला अर्धं उत्तर दिलं. त्याच्या आधीच्या सगळ्यांना पूर्ण पैसे, त्याच्या नंतरच्या कुणालाच नाही, आणि तो बरोबर कापलेल्या जागेवर. म्हणजे बँकेचा प्रश्न नव्हता. फाइलच शेवटाकडून तुटली होती.

फाइलमध्ये गावं अकारविल्हे लावलेली असत. आंबवडे, किकवी, नसरापूर, निगुडघर, वारवंड, शिरगाव, आणि सगळ्यात शेवटी 'ह'ची गावं. हर्णस, हातवे, हिर्डोशी. पंधरा ऑगस्टला पेढे वाटताना हजेरीतल्या शेवटच्या नावांपर्यंत येईतो पेढ्याचे अर्धे तुकडे करायला लागायचे, आठवतंय ना? तसंच.

मग प्रोग्रामची लॉग फाइल उघडली. कुणी कधी उघडत नाही अशी ती फाइल. त्यात दोन्ही तारखांना एकच इंग्रजी ओळ होती. तिचा अर्थ, मेमरी मागितली, मिळाली नाही.

संस्थेच्या लोकांना हे सांगताच त्यांनी सरळ उपाय केला. मशीनमध्ये ४ जीबी मेमरी होती, ती ८ जीबी केली. अकरा जानेवारीचा पगार उत्तम झाला. पेढेसुद्धा वाटले. एकवीस जानेवारीला फाइल पुन्हा तुटली.

या बिघाडानं आम्हाला कसं फसवलं ते सांगते, कारण बरेच दिवस त्यातच गेले. मेमरी वाढवायला मशीन बंद करावं लागतं. बंद करून चालू केलेलं मशीन ताजंतवानं असतं, त्यामुळे पुढचा पगार नीट होतो, आणि श्रेय नव्या मेमरीला मिळतं. डिसेंबरात एकवीस तारखेला नीट झालं त्याचंही कारण तेच होतं. आदल्या रात्री वीज गेली होती आणि मशीन बंद पडलं होतं. ऑफिसातला शिपाई मला म्हणाला, "मॅडम, लाइट गेली की तुमचं सॉफ्टवेअर बरं चालतं." मी हसले. तो अगदी बरोबर बोलत होता आणि ते कळायला मला आणखी आठ दिवस लागले. काही बिघडलं की आपण पहिलं काम करतो ते मशीन बंद-चालू करण्याचं. त्यानं काम चालू होतं आणि पुरावा पुसला जातो.

तिसऱ्यांदा फाइल तुटली तेव्हा मी कुणाला मशीनला हात लावू दिला नाही. तिन्ही तुटक्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्ही वेळा नोंदी वेगळ्या, तुटलेली जागा थोडी पुढेमागे, पण तिन्हींचा आकार जवळजवळ सारखा. १३,४२,१७,७२८ बाइट, आणि त्यात शंभरेक बाइट कमी.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून मुद्दाम सांगते. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सांगून तुम्ही आमच्याकडून दोनाचे घात फळ्यावर लिहून घेतले होते. मी अठ्ठाविसाव्या घरापर्यंत पोहोचले होते आणि मग तास संपला. अठ्ठाविसाव्या घरात दोनाचा सत्ताविसावा घात येतो. १३,४२,१७,७२८. तो आकडा स्क्रीनवर बघताच मला कळलं की ही फाइल नशिबानं तुटलेली नाही. हा १२८ एमबीचा डबा आहे, आणि तो भरल्यावर काहीतरी झालं आहे.

काय झालं होतं ते आपल्या एसटीच्या भाषेत सांगते. माझा प्रोग्राम गावागावाच्या नोंदी डेटाबेसकडून मागून घ्यायचा आणि मेमरीतल्या एका डब्यात ओतत जायचा. डबा भरला की दुप्पट मोठा डबा मागायचा, जुन्यातलं नव्यात ओतायचा आणि मग जुना सोडायचा. अशी दुप्पट करत जाण्याची रीत सगळीकडे वापरतात, ती चांगलीच आहे. अट एवढीच की नवा डबा सलग जागेत हवा. आता समजा, भोर स्टँडवरून गाडी भरून निघाली. वाटेत चार उतरले, दोन चढले, निगुडघरला पाच उतरले, तीन चढले. असं होत होत पुढे गाडीत पंचवीस जागा रिकाम्या झाल्या. पण इथं एक, तिथं दोन, खिडकीशी एक. आणि एक वऱ्हाड चढलं, वीस जणांचं. ते म्हणतं, आम्हाला वीस जागा एकमेकांना लागून पाहिजेत, मध्ये दुसरा माणूस चालणार नाही. रिकाम्या जागा पंचवीस असून वऱ्हाड खाली उतरतं. माणसांना आपण "जरा सरका हो" म्हणू शकतो. माझ्या प्रोग्राममध्ये तशी सोय नव्हती, कारण प्रत्येकानं आपली वस्तू कुठल्या जागेवर ठेवली ते पत्त्यासकट टिपून ठेवलेलं असतं. वस्तू सरकवली तर पत्ता चुकतो.

शेतीत याला आपण तुकडे पडणं म्हणतो. एकूण तीन एकर, पण सात ठिकाणी. त्यासाठी १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला आणि तरी तुकडे पडायचे थांबले नाहीत. मेमरीतले तुकडे हासुद्धा जुना विषय आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८ साली छापलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्यावर सविस्तर लिहिलं आहे. इंजिनिअरिंगला तो भाग आम्हाला परीक्षेला होता. मी त्याचं उत्तर लिहून मार्क मिळवले होते आणि नोकरीत मात्र विसरले होते.

मग ८ जीबी घालून उपयोग का झाला नाही? कारण आमचा प्रोग्राम ३२ बिटांचा होता. विंडोजवर अशा प्रोग्रामला स्वतःच्या वापरासाठी साधारणपणे २ जीबीच पत्ते मिळतात. एसटी महामंडळानं डेपोत आणखी दहा गाड्या आणून उभ्या केल्या तरी तुम्ही बसलेल्या गाडीतल्या जागा वाढत नाहीत.

खात्री करायला मी व्हीएमएमॅप नावाचं एक साधन चालवलं. एखाद्या प्रोग्रामची मेमरी कुठं भरलेली, कुठं रिकामी, हे ते रंगीत पट्ट्यांत दाखवतं. एकूण रिकामी जागा ७०० एमबीच्या आसपास होती. सगळ्यात मोठा सलग तुकडा २१० एमबीचा. माझा प्रोग्राम मागत होता २५६. तोच प्रोग्राम दिवसभर ओळखपत्रांचे फोटो छापायचा, अहवाल काढायचा, आणि जानेवारीत ओळखपत्रांचं काम जोरात होतं. हेच ते चढणारे-उतरणारे प्रवासी. मशीन चालू करून जितके दिवस झाले तितके तुकडे जास्त. माझ्या पुण्यातल्या टेबलावरचं मशीन मी रोज संध्याकाळी बंद करत होते, म्हणून माझ्याकडे हा बिघाड कधी दिसलाच नाही.

मी मशीन चालू केलं, मुद्दाम चारशे ओळखपत्रं छापायला लावली, मग एक्स्पोर्ट चालवला. तुटला. पुन्हा केलं, पुन्हा तुटला. मधूनच येणारा बिघाड आपल्या मनाप्रमाणे घडवता आला की निम्मं काम झालं. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट जेवले.

एक प्रश्न उरला होता. प्रोग्राम २००८ पासून चालू होता. पाच वर्षं बरा होता, मग याच हिवाळ्यात का? दोन कारणं निघाली. एक तुम्हाला माहीत आहे. पावसाळा संपला की म्हशी वितात, पुष्ट काळ सुरू होतो, दूध घालणारे वाढतात. सुमारे चाळीस हजार उत्पादक, दिवसातून दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे आठ लाखांच्या वर ओळी. पण पुष्ट काळ तर आधीच्या वर्षीही होता.

दुसरं कारण मला आवडलं. त्या वर्षी उत्पादकांनी मागणी करून नावं इंग्रजीतून मराठीत करून घेतली होती. कॉम्प्युटरमध्ये आता सगळीकडे वापरतात त्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला तीन. इंग्रजीत हिर्डोशी लिहिलं तर आठ बाइट. मराठीत लिहिलं तर अक्षरं, काने, वेलांट्या, पाय मोडणं धरून आठ चिन्हं आणि चोवीस बाइट. प्रत्येक ओळ अशी पन्नासेक बाइटांनी जाड झाली, आठ लाख ओळींना चाळीस एमबी वाढले, आणि फाइल १२८ एमबीच्या उंबरठ्यावरून जेमतेम पलीकडे गेली. पलीकडे गेलेला भाग म्हणजे शेपूट, आणि शेपटात 'ह'ची गावं.

बैठकीत एकानं सुचवलं, नावं परत इंग्रजीत करू, प्रश्न मिटेल. मिटला असता, काही महिन्यांपुरता. मी नाही म्हटलं. माझ्या आत्याला तिचं नाव पावतीवर वाचता यायला लागलं होतं, ते मी माझा डबा लहान पडतो म्हणून काढून घेणार नव्हते.

खरा उपाय अगदी साधा होता आणि तो आपण याच शाळेत केला होता. मागच्या कुंपणाची भिंत बांधताना ओढ्यातले दगड आणायला बाईंनी आपली रांग लावली होती. कुणी सगळे दगड एकदम उचलले नाहीत. पाटी या हातातून त्या हातात. प्रोग्राम तसा बदलला. एका गावच्या नोंदी घ्यायच्या, लगेच फाइलमध्ये लिहायच्या, हात रिकामे करायचे, पुढचं गाव. मोठ्या डब्याची गरजच संपली. आठ लाख असोत की ऐंशी लाख, मेमरी लागते ती एका गावापुरती.

इथं कॉम्प्युटर शिकणारी काही मुलं बसलेली दिसतात, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तुम्ही डेटाबेसला प्रश्न विचारता तेव्हा पुष्कळदा सगळं उत्तर आधी तुमच्या मेमरीत येतं आणि मग पहिली ओळ तुमच्या हातात पडते. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर नुसता वापरला तर हेच करतो. ऑटोकमिट बंद करून फेच साइझ द्यावा लागतो, मग तो थोडं थोडं आणतो. आणि ६४ बिट आले, आता कशाला काळजी, असं म्हणू नका. त्यानं बिघाड पुढं ढकलला जातो. लिनक्स तर बहुधा मागाल तेवढं देतो म्हणतो आणि खरंच वापरायला गेलात की अडचणीच्या वेळी कुठला तरी प्रोग्रामच मारून टाकतो. मंजूर झालेलं कर्ज आणि हातात आलेले पैसे यांत जेवढा फरक, तेवढा.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते.

मेमरी न मिळणं ही काही मोठी चूक नव्हती. मेमरी मिळाली नाही तर प्रोग्राम थांबायला हवा होता, फाइल तयार व्हायला नको होती, ऑफिसात लाल अक्षरांत संदेश दिसायला हवा होता. मग पगार सगळ्यांचाच दोन तास उशिरा गेला असता, बस. पण तसं झालं नाही. प्रोग्राममध्ये एक जागा होती, तिथं लिहिलेलं होतं की मेमरी मिळाली नाही तर आतापर्यंत जमलं आहे तेवढं फाइलमध्ये लिही, फाइल नीट बंद कर आणि पुढे जा. फाइल वरून पूर्ण दिसायची. तिच्यात शेवटची गावं नाहीत, हे कुणालाही कळायला मार्ग नव्हता. त्या सहा ओळी कुणी लिहिल्या ते मी शोधलं. जुन्या नोंदीत तारीख होती २००८ ची आणि नाव माझं. काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी असावं, असा तेव्हाचा विचार असणार. मला ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही.

त्या सहा ओळी मी काढून टाकल्या. आता फाइल आधी कच्च्या नावानं तयार होते. शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण लिटर लिहिले जातात, ते डेटाबेसमधल्या बेरजेशी ताडून बघितले जातात, आणि जुळले तरच फाइलला पक्कं नाव मिळतं. पक्क्या नावाशिवाय पुढचा प्रोग्राम तिला हात लावत नाही. एक फेब्रुवारीचा पगार सगळ्यांचा झाला.

कंपनीनं संस्थेला माफीचं पत्र दिलं. संस्थेनं उत्पादकांना एसएमएस पाठवला, "तांत्रिक अडचणीमुळे". केंद्रावरच्या मुलाला कुणीच काही कळवलं नाही. तो कुठल्याच यादीत बसत नव्हता. तो ना आमचा ग्राहक, ना त्याचा पगार अडकलेला. मी त्या महिन्यात दोनदा हिर्डोशीला आले आणि दोन्ही वेळा केंद्रावरून गाडी न थांबवता गेले. मला लाज वाटत होती हे खरं कारण. घाई होती हे मी स्वतःला सांगितलेलं कारण.

आणखी दोन वर्षांनी आत्याकडे आले असताना तोच घरी आला. कुणी काय बोललं याबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाला, "ताई, फाइलीच्या शेवटी तुम्ही जी बेरीज घेता, ती गावागावाची वेगळी काढता येईल का? पगाराच्या आदल्या दिवशी मला पाठवा, मी केंद्रावर फळ्यावर लिहीन. लोक आपापल्या वहीशी ताडून बघतील." तीस ओळींचं काम होतं. ते संस्थेनं सगळ्या केंद्रांसाठी चालू केलं. सुचलं मात्र त्याला, मला नाही.

तो आज इथं आला आहे, मागच्या रांगेत खांबाजवळ उभा आहे. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. दोन जानेवारी २०१४ ला सकाळी तुला जे ऐकून घ्यावं लागलं ते माझ्या सहा ओळींमुळे. तुझ्या नोंदी पहिल्यापासून बरोबर होत्या. हे मी तेव्हाच केंद्रावर येऊन, सगळे दूध घालायला आले असताना सांगायला हवं होतं. आज त्यातले बरेच जण समोर आहेत, म्हणून आज सांगते. मला माफ कर.

बाई खूण करतायत, जेवणं तयार आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर पंगतीत विचारा. मी वाढायला आहे.